पश्चिमेपासून अकरा अंश

रायगड जिल्ह्यातील मुरूड तालुक्यात, समुद्रालगतच्या एका गावी, माझे एक जुने मित्र गणित शिकवतात. काही वर्षांपूर्वी मे महिन्याच्या सुरुवातीला त्यांचे पत्र आले. गावातील जुनी कौलारू मशीद मोडकळीस आल्यामुळे उतरवली होती आणि त्याच जागी सिमेंट-काँक्रीटची नवी मशीद उभी राहायची होती. पाया आखण्यापूर्वी दिशा पक्की करावी म्हणून जमातीच्या मंडळींनी मोबाईल काढले. तीन मोबाईलनी तीन दिशा दाखवल्या. एका घरी हजहून आणलेले होकायंत्र होते, त्याने चौथी दाखवली. मात्र एका बाबतीत चौघांचे एकमत होते : जुनी भिंत जवळजवळ नेमकी पश्चिमेला होती आणि ही सारी उपकरणे तिच्या उजवीकडे, म्हणजे उत्तरेच्या बाजूला झुकत होती. पत्राच्या शेवटी मित्राने लिहिले होते, ‘मुले विचारतात, सर, खरे काय? मला त्रिकोणमिती शिकवता येते, पण या प्रश्नाचे गणित कुठे सुरू होते ते सापडत नाही.’

हा प्रश्न मला फार आवडला. मशीद म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर घुमट आणि मिनार येतात. प्रत्यक्षात मशिदीला या दोन्हींची गरज नसते. स्वच्छ जागा, हात-पाय धुण्यासाठी पाणी आणि एक दिशा, एवढ्यावर मशीद होते. ही दिशा म्हणजे किब्ला : मक्केतील काबेकडची दिशा. सुरुवातीला मुसलमान जेरुसलेमकडे तोंड करून नमाज पढत. इ.स. ६२४ मध्ये, मदिनेत असताना, ती दिशा बदलून काबा झाली. तेव्हापासून पृथ्वीवर कुठेही मशीद बांधायची तर पहिला प्रश्न भूगोलाचा असतो : इथून मक्का कोणत्या बाजूला? किब्ल्याकडच्या भिंतीत जो कोनाडा असतो त्याला मेहराब म्हणतात. नमाजाच्या रांगा, म्हणजे सफ, या भिंतीला समांतर लागतात. वास्तूची बाकीची रचना त्या एका भिंतीपासून सुरू होते.

आपल्या किनाऱ्यावर हा प्रश्न किमान अकराशे वर्षे जुना आहे. अरब प्रवासी अल्-मसूदी हा हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ.स. ९१६ च्या सुमारास, सैमूरला आला होता. सैमूर म्हणजे अलिबागजवळचे आपले चौल. तिथे सुमारे दहा हजार मुसलमानांची वस्ती असल्याचे त्याने लिहिले आहे. त्यांत सिराफ, ओमान, बसरा, बगदाद येथून आलेले व्यापारी होते आणि इथेच जन्मलेली त्यांची मुलेही होती. राज्य शिलाहारांचे होते आणि या वस्तीचे तंटे सोडवायला राजाने त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमलेला होता. त्याच शतकातील इस्तख्री या भूगोलकाराने खंबायतपासून सैमूरपर्यंतच्या गावांत जामा मशिदी असल्याची नोंद केली आहे. म्हणजे देवगिरीच्या यादवांनी स्वतंत्र राज्य उभारण्याच्या कितीतरी आधी चौलमध्ये कुणीतरी दोरी आणि खुंट्या घेऊन ‘मक्का कोणीकडे’ हे ठरवत होते.

त्यांनी काय ठरवले असेल? या किनाऱ्यावरच्या जुन्या मशिदी पाहिल्या तर उत्तर सरळ दिसते : पश्चिम. अरबस्तान समुद्रापलीकडे, गलबते जातात त्या बाजूला, सूर्य बुडतो तिकडे. गवंड्याच्या दृष्टीनेही पश्चिम सोयीची आहे. सपाट जमिनीवर एक काठी उभी करावी, तिच्या बुंध्याभोवती वर्तुळ काढावे, सकाळी आणि दुपारनंतर सावलीचे टोक वर्तुळाला जिथे शिवते ते दोन बिंदू जोडावेत. पूर्व-पश्चिम रेषा मिळते. देवळे बांधणाऱ्यांना ही रीत शेकडो वर्षे माहीत होती. तिला गणित लागत नाही, उपकरण लागत नाही, आणि ती होकायंत्रापेक्षा अचूक असते.

पण मक्का मुरूडच्या नेमक्या पश्चिमेला नाही. नकाशा उघडा. मुरूडचे अक्षांश सुमारे १८.३३ उत्तर, रेखांश ७२.९६ पूर्व. मक्केचे अक्षांश २१.४२ उत्तर, रेखांश ३९.८३ पूर्व. म्हणजे मक्का आपल्यापेक्षा ३३ अंश पश्चिमेला आणि ३ अंश उत्तरेला आहे. सपाट नकाशावर पट्टी ठेवून कोन मोजला तर तो पश्चिमेपासून उत्तरेला साडेपाच-पावणेसहा अंश भरतो. बहुतेक विद्यार्थी इथे थांबतील आणि उत्तर चुकेल, कारण पृथ्वी सपाट नाही.

वर्गात पृथ्वीगोल असेल तर हे पाहायला पाच मिनिटे पुरतात. मुंबईच्या थोडे खाली बोटाने दोरा दाबून धरा आणि दुसरे टोक मक्केवर ताणून धरा. ताणलेला दोरा सर्वांत जवळचा मार्ग पकडतो. हा मार्ग ज्या मोठ्या वर्तुळाचा भाग असतो त्याचा केंद्रबिंदू पृथ्वीच्या केंद्रातच असतो. त्याला बृहद्वृत्त म्हणतात. दोऱ्याकडे पाहिले तर दिसेल की आपल्याकडून निघताना तो नकाशावरच्या रेषेपेक्षा बराच अधिक उत्तरेकडे झुकतो आणि मग हळूहळू वळत मक्केला पोचतो. कोन काढायचे सूत्र असे आहे. आपले अक्षांश ‘अ’, मक्केचे अक्षांश ‘म’, रेखांशांतील फरक ‘र’ आणि उत्तरेपासून पश्चिमेकडे मोजलेला किब्ल्याचा कोन ‘क’ मानला तर

टॅन क = साइन र ÷ (कोसाइन अ × टॅन म − साइन अ × कोसाइन र)

मुरूडसाठी आकडे घाला. वरचा अंक ०.५४६५ येतो. खाली ०.३७२४ वजा ०.२६३४, म्हणजे ०.१०९०. भागाकार ५.०१ आणि ‘क’ सुमारे ७८.७ अंश. नव्वदातून वजा केला तर पश्चिमेपासून उत्तरेला ११.३ अंश. अलिबागला हाच कोन १०.८ आणि श्रीवर्धनला ११.७ येतो. नकाशावरच्या पट्टीने काढलेल्या कोनाच्या हा जवळजवळ दुप्पट आहे. (विद्यार्थ्यांना आपापल्या गावासाठी आकडेमोड करू द्या. वरच्या वर्गातली मुले हे सहज करतात आणि साइन-कोसाइन कशाला शिकायचे, हा प्रश्न त्या दिवसापुरता तरी कुणी विचारत नाही.)

मग जुन्या मशिदीच्या दिशेने, म्हणजे नेमके पश्चिमेला तोंड करून, सरळ रेषेत निघालो तर कुठे पोचू? हे गणित मी केवळ कुतूहलापोटी केले आणि उत्तर पाहून थक्क झालो. ही रेषा अरबी समुद्र ओलांडून, येमेनवरून, तांबड्या समुद्रापलीकडे आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागते आणि एरिट्रियातील मासावा बंदरापासून वीसेक किलोमीटरवरून जाते. मासावा हे हबसाणातून माणसे आणि माल बाहेर नेणारे जुने बंदर. जंजिऱ्याचे सिद्दी मूळचे हबसाणातले. हबशी हा शब्द तिथलाच. जंजिऱ्यातून नेमके पश्चिमेकडे तोंड करून उभा राहिलेला माणूस, नकळत का होईना, सिद्दींच्या मूळ देशाच्या दारातच पाहत असतो! हा निव्वळ योगायोग आहे. त्यातून कुठलाही निष्कर्ष काढायचा नाही. मक्का मात्र त्या रेषेपासून साडेसहाशे किलोमीटर उत्तरेला राहते.

हे गोलावरचे गणित आधुनिक नाही, आणि आपल्याला अगदीच परके नाही. आर्यभटाने ज्याची कोष्टके दिली ती ‘ज्या’ अरबीत ‘जिबा’ झाली, पुढे त्या अक्षरांचे वाचन ‘जैब’ असे झाले आणि लॅटिनमध्ये तिचे भाषांतर ‘सायनस’ असे झाले. आपण शाळेत शिकवतो तो साइन हाच. नवव्या-दहाव्या शतकांत बगदाद आणि मध्य आशियातील ज्योतिर्विदांनी या ज्येला टॅनची जोड दिली आणि गोलावरचे त्रिकोण सोडवण्याची पद्धत उभी केली. त्या प्रयत्नांमागे जी कारणे होती त्यांत किब्ला हे एक मोठे कारण होते.

अल्-बेरूनी आपल्याला भारतावरील ग्रंथामुळे माहीत असतो. त्याने इ.स. १०२५ मध्ये गझनीत आणखी एक ग्रंथ पुरा केला. त्याचा विषय होता गावांचे अक्षांश-रेखांश कसे ठरवायचे आणि त्यांवरून गझनीचा किब्ला कसा काढायचा. अक्षांश सोपे असतात : माध्यान्हीच्या सूर्याची उंची मोजली की झाले. रेखांशांची अडचण मोठी. दोन गावांच्या रेखांशांतील फरक म्हणजे त्यांच्या स्थानिक वेळांतील फरक, आणि घड्याळे नसताना दोन दूरच्या गावांत ‘एकच क्षण’ ओळखायचा कसा? उत्तर : चंद्रग्रहण. ते सगळीकडे एकाच क्षणी लागते. इ.स. ९९७ मध्ये तरुण अल्-बेरूनीने ख्वारिझममधून आणि अबुल वफा या गणितज्ञाने बगदादमधून, आधी ठरवून, एकच चंद्रग्रहण पाहिले आणि स्थानिक वेळांतील फरकावरून रेखांशांतील फरक काढला. दोन शहरांतील दोन संशोधकांनी मिळून केलेला हा प्रयोग वाचताना आजही आनंद होतो. पुढे चौदाव्या शतकात दमास्कसच्या मशिदीतील कालगणक अल्-खलिली याने निरनिराळ्या अक्षांश-रेखांशांसाठी किब्ल्याचे कोन देणारे, जवळजवळ तीन हजार नोंदींचे कोष्टक तयार केले. कॅल्क्युलेटर नसताना!

गणित असे तयार असूनही आपल्या किनाऱ्यावरचे गवंडी पश्चिम धरत राहिले. एकटे आपलेच नव्हेत. जगभरच्या जुन्या मशिदींत अशा फरकांची उदाहरणे आहेत. खुद्द मक्केतील सुमारे दोनशे जुन्या मशिदींचा रोख काबेवर नेमका नाही अशी बातमी २००९ साली आली होती. उलट, अचूक गणित करूनही लोक बुचकळ्यात पडतात. अमेरिकेत वॉशिंग्टनला १९५७ साली खुली झालेली मशीद ईशान्येकडे वळवलेली आहे. नकाशावर मक्का वॉशिंग्टनच्या आग्नेयेला दिसते, त्यामुळे पाहणाऱ्याला ही दिशा चुकीची वाटते. पण तिथून बृहद्वृत्ताने निघाले तर उत्तरेपासून पूर्वेकडे सुमारे ५६ अंश, म्हणजे ईशान्यच येते.

आता मोबाईलकडे वळू. तिघांनी तीन दिशा का दाखवल्या? मोबाईलमधले होकायंत्रही चुंबकीय क्षेत्रच मोजते. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतील फरकाला दिक्पात म्हणतात. आपल्या किनाऱ्यावर सध्या तो एका अंशाच्या आत आहे, तेव्हा दोष त्याचा नाही. मी गावी गेलो तेव्हा कारण समोरच पडलेले होते : पायासाठी आणलेल्या लोखंडी सळयांचा ढीग. मोबाईल घेऊन मंडळी त्याच्याच आसपास उभी होती. ढिगापासून पंधरा-वीस पावले दूर गेल्यावर तिन्ही मोबाईल एकमेकांच्या बरेच जवळ आले; पूर्ण जुळले मात्र नाहीत. इथे कोकणच्या जमिनीचाही वाटा असतो. आपला काळा दगड, बेसॉल्ट, यात मॅग्नेटाइट असते आणि तो स्वतःच थोडासा चुंबक असतो. ज्या कातळावर कधी वीज पडली असेल तिथे तर होकायंत्राची सुई भलतीकडेच वळू शकते.

लोखंड आणि चुंबकसुई यांचे वैर या जिल्ह्याला एका वेगळ्या कारणाने परिचयाचे असायला हवे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत असत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत विजेच्या ट्राम येणार हे ठरले. त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडणार हे ओळखून वेधशाळेचे प्रमुख नानाभाई मूस यांनी अलिबागला जागा निवडली. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी समांतर नोंदी घेऊन मगच काम इकडे हलवले. अलिबागची ती इमारत पोरबंदरी दगडाची आहे, कारण त्या दगडात चुंबकत्व नाही. ज्या इमारतीत लोखंडाला मज्जाव आहे अशी एक वास्तू आपल्या जिल्ह्यात शतकाहून अधिक काळ उभी आहे. सहल काढायची तर किल्ल्यांबरोबर तिचेही नाव यादीत असावे.

चुंबकावर भरवसा नाही, तर काय करायचे? सूर्य. महाराष्ट्रातल्या शिक्षकांना ‘शून्य सावली’चा दिवस आता चांगला माहीत आहे. मुरूड-अलिबागला मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस सूर्य माध्यान्ही थेट डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. तसेच मक्केलाही होते : २८ मे आणि १६ जुलैच्या सुमारास. ज्या क्षणी सूर्य काबेच्या थेट वर असतो त्या क्षणी जगात जिथून सूर्य दिसतो तिथून सूर्याकडची दिशा हीच काबेची दिशा. आपल्या घड्याळात ती वेळ २८ मे रोजी दुपारी २ वाजून ४८ मिनिटे आणि १६ जुलै रोजी २ वाजून ५७ मिनिटे अशी येते. त्या क्षणी ओळंबा सोडायचा आणि त्याची सावली जमिनीवर आखायची. सावलीची रेषा उलट्या बाजूला वाढवली की किब्ला. ना अक्षांश, ना रेखांश, ना सूत्र.

मी २७ तारखेला मुरूडला उतरलो. दुसऱ्या दिवशी दुपारी उतरवलेल्या मशिदीच्या अंगणात चाळीसेक माणसे आणि सुट्टीतली सगळी मुले जमली. मित्राने बांबूच्या तिकाटण्याला ओळंबा टांगला होता. वारा होता म्हणून लंबक पाण्याच्या बादलीत बुडवला. ही युक्ती गावातल्या गवंड्याची. दोन सत्तेचाळीसला सारे गप्प झाले. दोन अठ्ठेचाळीसला मुलांनी सावलीच्या रेषेवर चुन्याने दोन खुणा केल्या आणि दोरी ताणली. आदल्या दिवशी काठीच्या वर्तुळाने पूर्व-पश्चिम रेषा काढून ठेवली होती. दोन्ही रेषांमधला कोन आम्ही मोठ्या काटकोनावरून मोजला : एक मीटरला साडेएकोणीस सेंटिमीटर. कोष्टकात पाहिले, अकरा अंश. कागदावरचे उत्तर सव्वा अकरा होते. पाव अंशाची चूक आमच्या हाताची. तेवढ्यात एका मुलीने एक मीटर उंचीच्या पट्टीची सावली मोजून ६१ सेंटिमीटर सांगितली. त्यावरून मुरूड आणि मक्का यांच्यामध्ये पृथ्वीच्या पृष्ठभागावर सुमारे ३१ अंशांचा चाप आहे, म्हणजे अंतर साधारण ३,५०० किलोमीटर, हे तिथल्या तिथे काढता आले. मला वाटते, त्या दुपारचे सर्वांत सुंदर मोजमाप तेच होते.

टाळ्या झाल्या. मग एक वृद्ध गृहस्थ पुढे आले. तरुणपणी जहाजावर नोकरी केलेले, गावात मान असलेले. माझ्या मित्राला म्हणाले, “गुरुजी, दोरी बरोबर आहे, मला दिसतंय. पण मग आमच्या बापजाद्यांचे नमाज चुकले म्हणायचे का?”

अंगण शांत झाले. मीही गप्प होतो. खरे म्हणजे आम्ही गणित मांडताना या प्रश्नाचा विचार केलाच नव्हता. उत्तर धर्माचे होते आणि ते मी द्यावे असे नव्हते. ते खतिबांनी दिले. हा प्रश्न फार जुना आहे, असे त्यांनी सांगितले. पूर्वीच्या शास्त्रकारांनी काबा डोळ्यांसमोर असणारा आणि दूर असणारा यांत फरक केला आहे. काही पंथ दूरच्या माणसाला ‘त्या बाजूची दिशा’ पुरेशी मानतात. कोकणी मुसलमान ज्या शाफई पंथाचे, तो नेमकेपणावर अधिक भर देतो. पण तोही माणसाकडून त्याच्या काळी मिळणाऱ्या पुराव्यावर प्रामाणिकपणे ठरवलेल्या दिशेचीच अपेक्षा करतो. वाडवडिलांनी सूर्य पाहून ठरवले, तुम्हीही सूर्य पाहूनच ठरवलेत, असे ते म्हणाले. वृद्ध गृहस्थांनी मान हलवली, पण त्यांचे पूर्ण समाधान झाले असे मला वाटले नाही. मी एवढीच भर घातली की इथे एक अंश चुकला तर तिकडे सत्तावन्न-अठ्ठावन्न किलोमीटरचा फरक पडतो, आणि नमाजाला उभ्या असलेल्या माणसाचे खांदे एका अंशापेक्षा कितीतरी जास्त इकडेतिकडे होतात. मापनशास्त्रात आम्हीही हेच शिकतो : उपकरण जेवढे देते त्यापेक्षा अधिक नेमके उत्तर मागू नये.

(याच किनाऱ्यावरच्या बेने इस्रायल लोकांचाही असाच प्रश्न आहे. अलिबागच्या सिनेगॉगसारख्या त्यांच्या प्रार्थनास्थळांत पवित्र कपाट पश्चिमेच्या भिंतीला ठेवण्याचा प्रघात, कारण जेरुसलेम तिकडे. गणिताने जेरुसलेम अलिबागहून पश्चिमेच्या उत्तरेला जवळजवळ २९ अंश येते. दोन्ही समाजांच्या पूर्वजांनी समुद्राकडेच पाहिले.)

दिशा ठरली आणि खरा वास्तुरचनेचा प्रश्न उभा राहिला. जागा चौकोनी, रस्त्याला समांतर, जुन्या जोत्याएवढीच. तिच्यात अकरा अंशांनी वळलेली मशीद बसवायची कशी? दहा मीटर रुंदीच्या दालनात अकरा अंश म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जवळजवळ दोन मीटरचा फरक. भिंती सरळ ठेवून फक्त रांगा तिरप्या आखल्या तर पुढे आणि मागे दहा-दहा चौरस मीटरचे त्रिकोण वाया जातात. एका माणसाला पाऊण चौरस मीटर जागा धरली तर प्रत्येक त्रिकोणात तेरा-चौदा माणसांची जागा गेली.

ही अडचण जगातल्या नामांकित वास्तूंना आलेली आहे आणि त्यांतूनच त्यांचे सौंदर्य निघाले आहे. इस्फहानच्या सतराव्या शतकातील शाही मशिदीचे प्रवेशद्वार चौकाला समांतर आहे, पण आत शिरताच इमारत सुमारे पंचेचाळीस अंशांनी वळते. ढाक्यात लुई कान या वास्तुरचनाकाराने संसदभवनाची इमारत एका अक्षावर आखली आणि तिला जोडलेले प्रार्थनागृह तेवढे मक्केच्या दिशेला किंचित वळवले. आमच्या गावाला सर्वांत जवळचे उदाहरण मात्र ढाक्यातीलच बैतुर रऊफ मशिदीचे. मरिना तबस्सुम यांनी आखलेली ही मशीद २०१२ साली पुरी झाली आणि २०१६ साली तिला वास्तुकलेचा आगाखान पुरस्कार मिळाला. जमीन त्यांच्या आजीने दिलेली. जागेचा अक्ष आणि किब्ला यांत तेरा अंशांचा फरक होता. तबस्सुम यांनी बाहेर चौकोन ठेवला, त्यात एक वर्तुळाकार भिंत घातली आणि वर्तुळाच्या आत प्रार्थनेचे चौकोनी दालन तेरा अंश फिरवले. वर्तुळ कसेही फिरले तरी वर्तुळच राहते! उरलेल्या फटींतून उजेड आणि वारा आत येतो. भाजलेल्या विटांच्या जाळीदार भिंती, घुमट नाही, मिनार नाही. मोसमी पावसाच्या, दमट हवेच्या प्रदेशातच ती उभी आहे. तिची चित्रे मी मंडळींना दाखवली. तरुणांना आवडली. वृद्धांनी विचारले, “पण ही मशीद आहे हे लांबून कळणार कसं?”

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही, पण त्याला इतिहासाचे उत्तर आहे. आपल्या किनाऱ्यावरच्या अनेक जुन्या मशिदींना घुमट नव्हते. जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती, सागवानी खांब, उतरते कौलारू छप्पर, भोवती पडवी, पुढे हौद. लांबून पाहिले तर मोठे घरच वाटावे. मुंबईची १८०२ साली पुरी झालेली जामा मशीदही कोकणी मुसलमान व्यापाऱ्याच्या जागेतली, जुन्या तळ्यावर दगडी कमानी उभारून बांधलेली. तळ्याचाच हौद झाला. मुरूडजवळ घुमट पाहायचे तर खोकरीला जावे लागते, आणि त्या सिद्दी सरदारांच्या कबरी आहेत. या भागातल्या गावकऱ्यांच्या मशिदीवर घुमट आला तो प्रामुख्याने काँक्रीटबरोबर, आखातातल्या कमाईबरोबर. तिकडे कोरड्या हवेत शोभणारा आकार लोकांनी पाहिला आणि घरी आणला. त्यात गैर काही नाही. पण कौलारू छपराला एक कारण होते. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत इथे दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. उतरते कौल ते पाणी क्षणभरही ठेवून घेत नाही, कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते आणि पडवी भिंतीला ओल लागू देत नाही. सपाट स्लॅब तापतो, गळतो. खाऱ्या हवेतले क्लोराइड काँक्रीटमधून झिरपत सळईपर्यंत पोचते. सळई गंजते, आणि गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कितीतरी पट असते, म्हणून आतून दाब येऊन काँक्रीटच्या खपल्या निघतात. घुमटाच्या अंतर्गोल भागावरून आवाज परावर्तित होऊन एका ठिकाणी एकवटतो. तो बिंदू माणसांच्या कानांच्या उंचीवर आला तर खुतब्याचे शब्द कुठे दुप्पट मोठे, कुठे अस्पष्ट ऐकू येतात. हे सारे मी सांगितले. ठेकेदाराला माझे बोलणे फारसे रुचले नाही.

पुढच्या हिवाळ्यात मी पुन्हा गेलो तेव्हा मशीद उभी होती. बाहेरच्या भिंती रस्त्याला समांतर, जोते जुनेच. आत किब्ल्याची भिंत अकरा अंश वळवलेली, आणि दोन्ही भिंतींमधल्या त्रिकोणात एक कपाटखोली काढलेली. तिच्यात चटया, मुलांची पुस्तके आणि जुन्या मशिदीचे दोन सागवानी खांब ठेवले होते. तीन बाजूंना कौलारू पडवी होती, त्यामुळे स्लॅबच्या भिंती बऱ्याच वाचतील. मधोमध हिरवा घुमट मात्र झालाच होता. त्याच्या खाली उभे राहून मित्राने टाळी वाजवली आणि माझ्याकडे पाहिले. घुमला!

चुन्याच्या त्या दोन खुणांच्या जागी आता अंगणात पितळेच्या दोन चकत्या बसवल्या आहेत. पितळच हवे, असा मुलांचा आग्रह होता म्हणे. त्याच मुलांनी मला आणखी एक गोष्ट सांगितली. गणिताने त्यांना कळले होते की १८ एप्रिल आणि २५ ऑगस्टच्या सुमारास सूर्य मुरूडच्या समुद्रात किब्ल्याच्या रेषेवरच मावळला पाहिजे. ऑगस्टमध्ये आठ दिवस ढगच होते. तेव्हा एप्रिलची वाट पाहणे चालू होते.